माहेर नसलेली भुलाबाई

माझा आणि कवितेचा संबंध शिकवण्यापुरता. चाल लावायची, पोरांकडून घोकून घ्यायची, कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहायचे आणि पुढच्या धड्याला लागायचं, असा माझा खाक्या. मी तापट बाई आहे आणि कवितेला लागणारी सवड तापट माणसापाशी नसते, अशी माझी पक्की समजूत होती. त्यामुळे त्या वर्षी चौथीच्या वर्गात कवितेनं जे करून दाखवलं, त्याचं श्रेय मी घेणं शोभायचं नाही. मी फक्त तिथं होते. होते म्हणून पाहायला मिळालं, आणि त्याबद्दल मी आजही मनातल्या मनात हात जोडते.

आमची शाळा नांदुऱ्याला, स्टेशनच्या अंगाला. गाडी आली की वर्गात बोलणं बंद करावं लागतं, आणि लांबलचक मालगाडी असली तर पोरांना फुकटची सुट्टी मिळते. मी मूळची उंद्रीची, लग्न होऊन इकडे आले. अजूनही रागावले की माझ्या तोंडून चिखलीकडची भाषा निघते आणि पोरं मागच्या बाकावर माझी नक्कल करतात. मला ते माहीत आहे, आणि त्यांना मला माहीत असल्याचं माहीत आहे.

शाळा सुरू होऊन महिनाभर झाला असेल, तेव्हा हेडसर एका मुलीला घेऊन वर्गात आले. उंच, सडपातळ, केसांना चापूनचोपून तेल, आणि नजर सारखी दाराकडे. "सिंधमधून आलेत," हेडसर मला बाजूला घेऊन म्हणाले. आमच्याकडे सिंधी म्हटलं की कापडाचं दुकान आठवतं. फाळणीत ज्यांचे आजे-पणजे आले, ते आता इतके इथले झाले आहेत की गिऱ्हाइकाशी अस्सल वऱ्हाडीत घासाघीस करतात. पण ही माणसं आत्ताची होती. सरहद्द ओलांडून आधी राजस्थानात राहिली, तिथं बस्तान बसलं नाही म्हणून लांबच्या एका नातेवाइकाच्या भरवशावर नांदुऱ्याला आली. बाप त्याच नातेवाइकाच्या दुकानात कापड फाडायला उभा राहायचा. हिंदी शाळा घरापासून दूर, आमची मराठी शाळा गल्लीच्या तोंडाशी, म्हणून पोरगी आमच्याकडे.

ती बोलायची नाही. मुकी नव्हती, हजेरीला "हजर" म्हणायची, तेही असं की माझी मान वर व्हायच्या आत संपलेलं असायचं. फळ्यावरचं उतरवून घ्यायची, अक्षर सुरेख. पण प्रश्न विचारला की खाली बघायची. आणि वर्गानं तिचं नाव ठेवलं, "पाकिस्तान." "ए पाकिस्तान, सरक न बे." "पाकिस्तानच्या डब्यात काय हाय पाहा रे." मी दोघा-तिघांना धरून चांगलं झापलं. परिणाम एवढाच झाला की ते नाव माझ्यासमोर बंद होऊन माझ्या माघारी सुरू झालं. ओरडून पोरांची तोंडं बंद होतात, त्याच्या पलीकडे काही होत नाही, हे इतकी वर्षं नोकरी करून मला कळायला हवं होतं म्हणा.

शनिवारी आमच्याकडे दप्तराविना शाळा असते. त्या दिवशी मी म्हटलं, आज कविता करायची. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, निर्वासित. घर सोडून दुसऱ्या देशात आलेली माणसं, असा अर्थही लिहिला. त्यांना आपण आपलं कसं करावं, यावर प्रत्येकानं चार ओळी करून आणायच्या. सोमवारी जे आलं ते वाचून मला हसावं की रडावं कळेना.

दोष पोरांचा नव्हता. आमच्या गावात कविता ऐकू येते ती सत्काराच्या कार्यक्रमात. कोणाची निवड होवो, कोणी रिटायर होवो, खुर्ची मांडायची, शाल घालायची, नारळ द्यायचा आणि माईकवाल्यानं एक चारोळी म्हणायची. आमच्या वर्गाच्या मॉनिटरचा काका गावभर हेच सूत्रसंचालन करत फिरायचा. मॉनिटर म्हणजे भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली एक चुणचुणीत पोरगी. तिची जीभ तिच्या वयापेक्षा मोठी. तिनं काकाच्या थाटात लिहून आणलं होतं:

सिंधवरून आली पाहुणी
टाळ्यांचा करा कडकडाट
नांदुऱ्याच्या शाळेत आमच्या
तिचं स्वागत थाटामाटात

बाकीच्यांनीही थोड्याफार फरकानं हेच केलं होतं. एकानं तर "मी माझे दोन शब्द संपवतो" असा शेवट केला होता. मग मॉनिटर उठून म्हणाली, "मॅडम, नुसतं वाचून काय फायदा? आपुन तिचा सत्कारच करू न." वर्गानं एकच गिल्ला केला. ज्या पोरांनी तिला पाकिस्तान म्हटलं, तीच नारळासाठी खाऊचे पैसे काढायला तयार झाली. मला तर भरून आलं. मी हेडसरांना सांगितलं, हेडसरही खूश झाले.

दुसऱ्या दिवशी परिपाठ झाल्यावर व्हरांड्यात खुर्ची ठेवली. मॉनिटरनं आईचा एक बरा शेला आणला होता. त्या मुलीला हाताला धरून बसवलं, शेला पांघरला, मांडीवर नारळ ठेवला. मॉनिटरनं चारोळी म्हटली. टाळ्यांचा खरोखरच कडकडाट झाला. ती पोरगी खुर्चीच्या कडेला बसून होती, दोन्ही हातांनी नारळ घट्ट धरून, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आम्ही सगळे म्हणालो, बघा, कसं भरून आलंय तिला.

त्यानंतर ती शाळेत आली नाही. मला वाटलं, ताप असेल. मग वाटलं, कोणाच्या लग्नाला गेले असतील. मॉनिटर म्हणाली, घर तर उघडं दिसते मॅडम, कपडे वाळून राह्यले.

आठवड्याच्या शेवटी मधल्या सुट्टीत तिची आई आली. डोक्यावर ओढणी, बरोबर मुलगी नाही. तिनं पिशवीतून घडी केलेला शेला काढला, त्यावर नारळ ठेवला आणि दोन्ही माझ्या टेबलावर ठेवून हात जोडले.

"मॅडमजी, बच्ची से क्या गलती हुई?"

मी म्हटलं, "गलती? कायकी गलती हो बाई? हमने तो सत्कार किया उसका." माझं हिंदी ऐकून एरवी कोणीही हसलं असतं. ती हसली नाही.

"वो बोलती है, मुझे विदा कर दिया. जैसे उन सरजी को किया था."

ते सरजी कोण, ते मला लगेच कळलं. पोळ्याच्या सुमारास आमच्या एका सरांची बदली झाली होती. त्याच व्हरांड्यात, त्याच खुर्चीवर बसवून आम्ही त्यांना शाल-नारळ दिला होता. पाहुण्यांचं थाटामाटात स्वागत करणारी चारोळी झाली, टाळ्या झाल्या, पोरं रडली. दुसऱ्या दिवसापासून सर आले नाहीत. ती मुलगी तेव्हा नवीन होती, भाषा कळत नव्हती. तिनं जे पाहिलं त्यावरून ती एवढंच शिकली, की या शाळेत ज्याला खुर्चीवर बसवून नारळ देतात त्यानं उद्यापासून यायचं नसतं. आणि ते तिला नवल वाटलं नाही. आधीच्या गावात घरमालकानं खोली खाली करायला लावली होती, त्याच्याही आधी देश सुटला होता. इथं निदान टाळ्या वाजवून काढलं, असं तिला वाटलं असेल.

मी त्या बाईला समजावून सांगितलं, हातवारे करून, दोन-दोनदा. तिला पटलं. तिनं डोळे पुसले. पण मग हळूच म्हणाली की मुलीचा बाप म्हणतोय, इथं काही मन लागत नाही, दिवाळी झाली की मुंबईकडे जाऊ, तिथं आपली माणसं पुष्कळ आहेत. "मेरा जी नहीं करता, मॅडमजी. कितनी बार चूल्हा उठाऊँ? पर बच्ची स्कूल नहीं जाएगी तो मैं क्या मुँह लेके बोलूँ, कि यहीं रहो?"

म्हणजे पोरगी शाळेत रुळली तर घर राहणार, नाही तर दिवाळीनंतर पुन्हा बाडबिस्तरा. मी तिला म्हटलं, "सोमवार को भेज दो. मैं हूँ ना." म्हटलं खरं, पण माझ्याजवळ काय जादू होती ते मलाच ठाऊक नव्हतं.

सुट्टी संपली. मी वर्गात जाऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं.  मॉनिटरचं तोंड तर एवढंसं झालं.

"मॅडम, सत्कार वापस घेता येते का?"

"नाही येत बाई."

"मंग ते लोकं इकडं आलेच काऊन?" मागून कोणी तरी विचारलं.

मी सांगू लागले, पण तिथली परिस्थिती, भीती, सरहद्द हे शब्द त्यांच्या चेहऱ्यांवरून घरंगळून जाताना मला दिसत होते. फळ्यावर निर्वासित लिहून जे झालं होतं तेच पुन्हा होऊ लागलं. तेवढ्यात मॉनिटर म्हणाली, "पन सुट्ट्यांत तर जात असतीन न ते तिकडं?"

"नाही. जाता येत नाही."

"दिवाळीले?"

"नाही."

"भाऊबीजेले बी नाही?"

"नाही गं. कधीच नाही."

ती एकदम म्हणाली, "म्हंजे तिच्या मायले माहेरच नाही?"

वर्गातल्या पोरी एकमेकींकडे पाहू लागल्या. कोणाची आई सोनाळ्याची, कोणाची मलकापूरची, कोणाची पार जळगाव खान्देशातली. दिवाळी आली की आई कशी कॅलेंडर बघते, मामाचा फोन यायला उशीर झाला तर भांडी कशी आदळते, हे त्यातल्या बहुतेकींनी पाहिलं होतं. मुलांनीही पाहिलं होतंच, ती कबूल करत नाहीत एवढंच. एक पोरगी म्हणाली, "माही माय तर मरूनच जाईन." कोणी हसलं नाही. मी फळ्यावर लिहून, समजावून, ओरडून जे करू शकले नव्हते, ते त्या पोरीच्या एका प्रश्नानं झालं. मला खरं तर हेवा वाटला, आणि हेवा वाटतोय याचा आनंदही झाला.

ते भुलाबाईचे दिवस होते. आमच्याकडे त्या महिन्यात घरोघरी भुलाबाई मांडतात. मातीची पार्वती, शेजारी तिचा भुलोजी. ती माहेरपणाला आलेली असते. संध्याकाळी गल्लीतल्या पोरी टिपऱ्या घेऊन रोज एकेकीच्या घरी जमतात, गाणी म्हणतात, आणि शेवटी झाकलेला डबा हलवून त्यातला खाऊ ओळखतात. ओळखल्याशिवाय खायचा नाही, हा कायदा. गाणी जुनी आहेत, पण ती काही कुलुपात ठेवलेली नसतात. ज्या पोरीला ओळ सुचेल ती घुसडते.

मी म्हटलं, "एक काम करू. या भुलाबाईला जर माहेरच नसेल तर ती काय म्हणेल? तिचं गाणं करा. पण स्वागत, पाहुणी, टाळ्या असं काही घातलं तर कागद फाडीन."

पोरं खाली माना घालून बसली. मुलंसुद्धा. अधूनमधून गाडी जात होती आणि कोणी वर बघत नव्हतं. कोणाला एक ओळ सुचली, कोणाला अर्धी. ज्यांची खोटी वाटली ती पोरांनी स्वतःच हाणून पाडली. "असं कोनी म्हनते का बे?" हा त्यांचा निकष, आणि यापेक्षा चांगला निकष मी तरी कुठं ऐकलेला नाही. शेवटी जे उरलं ते असं:

भुलाबाईचं माहेर कोण्या गावी?
वाटंत डोंगर नाही, नदी नाही,
तरी बी जाता येत नाही बाई,
तरी बी जाता येत नाही.

भाऊ दिसते मोबाईलमंदी,
हात लावला त काच लागते,
ताट कोणाले ओवाळू बाई,
चंद्र ढगामंदी जाते.

शेवटच्या ओळी मॉनिटरच्या. ज्या बाईला भाऊ नसतो ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते, आणि मॉनिटरच्या आईला भाऊ नव्हता. ही गोष्ट मला तोपर्यंत माहीत नव्हती. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले आणि मालगाडीचे डबे बघत असल्याचं दाखवलं.

सोमवारी ती मुलगी आली नाही. मी पारा चढवून घरी निघाले होते, तर मॉनिटर मागून पळत आली. "मॅडम, आज भुलाबाई तिच्या घरी नेऊन राह्यलो. तुमी बी या."

"तिच्या घरी सांगितलंस का?"

"सांगितलं त ते खुर्ची मांडतीन," ती म्हणाली. मी येते म्हटलं.

दिवेलागणीला मी गेले. एक खोली, पुढे छोटीशी ओसरी. गल्लीतल्या पोरींनी ओसरीवर पाटावर भुलाबाई मांडून टाकली होती आणि टिपऱ्या सुरूसुद्धा झाल्या होत्या. मॉनिटरची आई आली होती, थेट भाजीच्या वाडीतून, पदराला मेथीचा वास. ती घरच्या बाईला दारातच पकडून समजावत होती, की काही तरी खाऊ कर, डब्यात घाल, आणि कोणाले दाखवू नको, काय समजलं? ती बिचारी घाबरून हो हो म्हणत होती. मुलगी आतल्या पडद्याआड. पडद्याखाली तिचे पाय दिसत होते.

नेहमीची गाणी झाली. मग पोरींनी ते नवं गाणं सुरू केलं. त्या बाईला मराठी जेमतेम कळायचं. ती सगळ्यांकडे हसऱ्या चेहऱ्यानं पाहत होती, पाहुण्यांकडे पाहतात तशी. पहिलं कडवं झालं. तिनं मला विचारलं, "क्या बोल रही हैं बच्चियाँ?"

मी तोंड उघडणार, तोच पडद्याआडून आवाज आला. सिंधीत. मुलगी बाहेर आली, आईच्या शेजारी उभी राहिली आणि एकेक ओळ सांगू लागली. पोरी थांबल्या. मॉनिटरनं खूण केली, तशा त्या एक ओळ गायच्या आणि थांबायच्या, ती सांगायची, मग पुढची. मला सिंधी येत नाही, पण ती कुठं पोचली ते आईच्या चेहऱ्यावरून कळत होतं. नदी नाही, डोंगर नाही, इथवर बाई हसत होती. तरी बी जाता येत नाही, यावर ती खाली बसली. काच लागते म्हटल्यावर तिनं ओढणी तोंडाला लावली.

आणि मला तेव्हा उमगलं की या पोरीला मराठी सगळं येत होतं. एकही ओळ अडली नाही. इतके दिवस ती वर्गात बसून आमचं सगळं ऐकत होती, पाकिस्तानसकट.

गाणं संपलं तरी बाईचं रडणं थांबेना. पोरी भेदरल्या. दुसऱ्यांदा रडवलं आपण हिच्या घरच्यांना, असं मॉनिटरच्या तोंडावर लिहिलेलं होतं. तेव्हा तिची आई पुढं झाली. तिनं त्या बाईच्या पाठीवर सणसणीत हात ठेवला.

"हे पाहा वो बाई. मले भाऊ नाही, पन हिच्या बापाले बहीन बी नाही," ती आपल्या पोरीकडे हात करून म्हणाली. "सासू दर भाऊबीजेले रडते, माह्या पोराले ओवाळनारी कोनी नाही म्हून. आता तुमी या. आमच्याच घरी. चार दिस राहाले, बॅग भरून, माहेरी जातात तसं. समजलं का?" मुलीनं भराभर सिंधीत सांगितलं. मॉनिटरची आई थांबली नाही. "इतके वर्सं बिना नणंदेची सुखात होती मी. पाहा आता, ह्या पोट्ट्याईच्या गान्यापायी नणंद घरात आनून राह्यली."

ते भाषांतर करताना मुलगी हसली. आधी ती, मग आई, रडता रडता. मग पोरींना कंठ फुटला, "खाऊ! खाऊ!"

डबा मुलीनंच आणला. कायदा असा की ज्याच्या घरी खाऊ, त्यानं डबा हलवायचा आणि प्रश्नांना उत्तरं द्यायची. हलवला तर आवाज येईना. गोड का तिखट? गोड. कोरडं का ओलं? कोरडं. शिरा? नाही. गुळपापडी? नाही. सांजोरी, दशम्या, करंज्या, बुंदी, राजगिऱ्याचा लाडू? नाही, नाही, नाही. दर नाहीबरोबर तिचा आवाज वाढत होता. शेवटी तर ती कमरेवर हात ठेवून "नाय म्हटलं न!" म्हणाली. नांदुऱ्याच्या पोरी खाऊ ओळखण्यात हरत नाहीत, पण त्या दिवशी सपशेल हरल्या. तिनं झाकण काढलं. साखरेच्या पाकात मळून तुपावर भाजलेल्या जाड जाड पोळ्या होत्या, तुकडे केलेल्या. "मिठो लोलो," ती म्हणाली, आणि प्रत्येकीकडून ते नाव म्हणवून घेतल्याशिवाय तुकडा दिला नाही. मलाही म्हणावं लागलं. मी तापट आहे याची तिला काही फिकीर नव्हती.

निघताना पाहिलं, तर तिचा बाप समोरच्या घराच्या पायरीवर बसून होता. दुकानातून कधीचा आला होता, पण घर पोरींनी भरलेलं, आत जायला जागाच नाही. "अंदर जगह नहीं है, मॅडम," तो म्हणाला. ही तक्रार होती की काय, ते मला त्याच्या आवाजावरून ठरवता आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत येऊ लागली. बोलू लागली एवढंच म्हणणं कमी पडेल. तिला गप्प बसवायला मला डस्टर आपटावं लागायचं. पण मुंबईचं काय झालं, ते मी विचारलं नाही. विचारायचा धीर होत नव्हता. परीक्षा झाली, दिवाळीची सुट्टी लागली. शेवटच्या दिवशी तिनं मला हात हलवून टाटा केला. सुट्टीत मी फराळ करताना दोनदा तरी चकल्या जाळल्या. नवरा म्हणाला, कोणाचा राग काढून राह्यली? राग नव्हता. भीती होती, की सुट्टी संपेल आणि हजेरीत त्या नावापुढे कोणी हजर म्हणणार नाही.

भाऊबीजेच्या सकाळी मी उंद्रीला निघाले. खामगावची बस धरायची, तिथून चिखलीची. हातात बॅग, खांद्यावर फराळाची पिशवी. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी आले आणि पाय थांबले. ती बाई कुलूप लावत होती. अंगावर नवी साडी, पायाशी मोठी सुटकेस. मुलगी पाठीवर सॅक घेऊन उभी. बाप सुटकेस उचलत होता.

गेले, मी मनात म्हटलं. दिवाळी झाली आणि गेले. एवढं सगळं करून शेवटी चूल उठलीच. मला इतका राग आला, कोणाचा ते सांगता येणार नाही, आणि डोळे भरून आले. निरोप तरी नीट द्यावा म्हणून मी पुढं गेले. 

"कुठं चालली गं?"

"मामाच्या घरी जाऊन राह्यलो, मॅडम," ती म्हणाली. मग तिनं मी मठ्ठ असल्यासारखं समजावून सांगितलं, "मॉनिटरच्या घरी. तिचे बाबा माहे मामा लागतात आता. दोन गल्ल्या सोडून."

मी सुटकेसकडे पाहिलं. दोन गल्ल्यांसाठी एवढी मोठी सुटकेस. तिच्या आईनं माझ्या हातातल्या बॅगेकडे पाहिलं आणि ओळखीचं हसली. माहेरी निघालेल्या दोन बायका वाटेत भेटल्यावर जसं हसतात तसंच ते हसणं होतं, आणि ती माझ्याशी तसं हसली याचं मला काय वाटलं ते मी आजवर कोणाला सांगू शकलेले नाही. त्या पोरांचे, त्या मेथीवाल्या माउलीचे आणि त्या वेड्यावाकड्या आठ ओळींचे माझ्यावर उपकार आहेत, एवढंच म्हणते.

"आणि परत कधी?" मी विचारलं.

"शाळा उघडायच्या आदल्या दिवशी," ती म्हणाली. "पप्पा म्हनत होते, दोन दिसांत वापस या. पन मम्मी म्हनते, माहेरावून कोनी लवकर येत असते का?"